टर्बो पेट्रोल गाडीत कोणते तेल घातले, ते बिलावर लिहा

प्रति,
माननीय सचिव,
ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार,
कृषी भवन, नवी दिल्ली

महोदय,

इंजिन ऑइलचा डबा बाजारात विकायचा तर त्यावर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, निव्वळ प्रमाण, कमाल किरकोळ किंमत, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, तक्रारीसाठी संपर्क हे सगळे छापावेच लागते. वैधमापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ ची ही सक्ती आपल्याच विभागाची आहे. भारतीय मानक ब्युरोही आपल्याच अखत्यारीत येतो. म्हणून हे पत्र परिवहन मंत्रालयाला न लिहिता आपल्याला लिहितो आहे. मी नाशिकला इंजिने उघडतो आणि बांधतो. पोटापाण्याचा धंदा तोच. माझी मागणी लहानशी आहे. पेट्रोल गाडीत ऑइल बदलणाऱ्या प्रत्येक वर्कशॉपने बिलावर तीन गोष्टी लिहाव्यात: तेल कोणाचे, ग्रेड कोणती आणि एपीआय श्रेणी, म्हणजे तेलाच्या दर्जाची पायरी, कोणती. आणि डब्याच्या दर्शनी बाजूवर, वाचता येईल एवढ्या अक्षरांत, हे तेल टर्बो डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोल इंजिनासाठी चालते की नाही, ते मराठीत, हिंदीत, त्या त्या राज्याच्या भाषेत छापलेले असावे.

एवढ्याशा गोष्टीसाठी सचिवांना पत्र कशाला, असे वाटेल. म्हणून थोडे मागे जातो. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. जीएसटी आला तेव्हाही ही चार मीटरची रेघ राहिली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दर बदलले तेव्हाही ती पुसली गेली नाही. गिऱ्हाइकाला कर कमी हवा, पिकअप हवा आणि मायलेजही हवे. ही तिन्ही एकत्र जमवायची तर लहान इंजिनाला टर्बो जोडण्यावाचून कंपन्यांपुढे फारसा मार्ग नव्हता. आज चाकणला बनणाऱ्या स्कोडाच्या कायलॅकमध्ये एक लिटरचे टीएसआय इंजिन मिळते, आमच्या नाशिकला बनणाऱ्या महिंद्राच्या थ्री एक्स ओमध्ये १.२ लिटरचे टीजीडीआय मिळते. ही इंजिने चांगली आहेत. त्यांच्या घडणीबद्दल मला आदर आहे. पण ती घराघरांत पोचली त्यात सरकारच्या करधोरणाचा मोठा हात आहे, तेव्हा त्यांना लागणाऱ्या तेलाची माहिती लोकांपर्यंत पोचवण्याची जबाबदारीही सरकारने थोडी उचलावी.

आता मूळ दुखण्याकडे येतो. पेट्रोल इंजिनात मिश्रण पेटते ते प्लगच्या ठिणगीने, आणि ठिणगी कधी पडायची हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. टर्बो इंजिनात, त्यातही पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनात, एखाद्या वेळी मिश्रण ठिणगीची वाट न पाहता पेटते. पिस्टन अजून वर चढतो आहे आणि त्याच्या डोक्यावर आग लागलेली आहे. उरलेले मिश्रण चढता पिस्टन आणि पसरती आग यांच्या कचाट्यात दाबले जाते आणि सगळे एका क्षणात भडकते. नेहमीच्या ज्वलनात सिलिंडरमधला दाब शंभर बारच्या आसपास जात असेल, तर अशा वेळी तो दोनशेच्याही वर जातो. अभियंते याला लो स्पीड प्री-इग्निशन म्हणतात, थोडक्यात एलएसपीआय. त्यातून बसणारा दणका म्हणजे सुपर नॉक. साधारण दीड ते अडीच हजार आरपीएमला, इंजिनावर पूर्ण लोड असताना हे घडते.

जुन्या नॉकिंगशी याची गल्लत करू नये. नॉकिंग होऊ लागले की नॉक सेन्सरला कळते, ईसीयू ठिणगी थोडी उशिरा पाडतो आणि प्रकरण तिथेच मिटते. इथे ठिणगी पडायच्या आतच सगळे होऊन गेलेले असते, ती उशिरा पाडून काय साधणार? कंपन्या ईसीयूमध्ये कमी आरपीएमचा टॉर्क आवरून धरतात, त्याने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. जास्त ऑक्टेनचे महाग पेट्रोल भरणेही खात्रीचा उपाय नाही. त्याने पुढच्या दणक्याचा जोर काही वेळा उतरतो, पण सुरुवात थांबेलच असे नाही. शिवाय हे दुखणे बेभरवशाचे. हजारो फेऱ्या सुरळीत जातात, मग अचानक एक अवेळी पेट, मध्ये एक सरळ फेरी, पुन्हा एक अवेळी पेट, असे काही दणके पाठोपाठ बसतात आणि सगळे शांत होते. चालवणाऱ्याला एखादा ठोका ऐकू आला तर आला. ट्रायल मारायला गाडी घेऊन गेलो तर काही सापडत नाही. हल्ली गाडीच्या प्रत्येक तक्रारीचे खापर ई२० पेट्रोलवर फुटते, म्हणून हेही सांगून टाकतो, की हा विकार आपल्याकडे ई२० येण्याच्या बऱ्याच आधी जपान, युरोप आणि अमेरिकेतल्या अभियंत्यांनी ओळखला होता.

माझ्या टेबलावर अशा इंजिनातून निघालेला एक पिस्टन आहे. इंजिन गरम होऊन गेलेला पिस्टन मी लांबून ओळखतो: डोके वितळलेले, कधी मधोमध भोक पडलेले. सतत नॉकिंग झालेल्या पिस्टनच्या कडेला वाळू मारल्यासारखे बारीक खड्डे पडतात. या पिस्टनचे डोके धड आहे. वर थोडा काळा कार्बन, बाकी चरा नाही. तो आडवा फिरवला की मग दिसते. पहिल्या आणि दुसऱ्या रिंगेच्या खाचांच्या मध्ये ॲल्युमिनियमची एक अरुंद भिंत असते, तिला आम्ही लँड म्हणतो. ती भिंत नखाएवढ्या लांबीत तुटून गेली आहे. तुटलेली कड वितळल्याची नाही, गुळाची ढेप फोडल्यावर दिसते तशी रवाळ आणि चमकदार आहे. धातू उष्णतेने मऊ होऊन गेलेला नाही, दणक्याने फुटला आहे. वरच्या रिंगेचे दोन तुकडे झाले होते, आणि त्यांनी सिलिंडरच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत ओरखडे ओढले होते. त्याच सिलिंडरच्या प्लगचे पोर्सलिन तडकलेले होते. शेजारचे दोन पिस्टन पुन्हा घालता आले असते इतके चांगले होते.

यात तेल कुठून आले? डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोलचा फवारा काही प्रमाणात सिलिंडरच्या भिंतीवर आदळतो. भिंतीवर तेलाचा पातळ थर असतो, पेट्रोल त्यात मिसळते, थर पातळ होतो आणि पिस्टनच्या वरच्या कडेलगतच्या फटीत हे मिश्रण साचत जाते. पिस्टन वर जाऊन थांबतो तेव्हा झटक्याने त्यातला एखादा थेंब उडून वर येतो. तेलातले लांब साखळ्यांचे हायड्रोकार्बन दाबाखाली पेट्रोलपेक्षा फार लवकर पेटतात. टर्बोने कोंबलेल्या दाट, तापलेल्या हवेत तो थेंब पेटला की तीच ठिणगी. पिस्टनवर साचलेल्या कार्बनची निसटलेली खपलीही असेच करू शकते. थेंबाचे हे स्पष्टीकरण बहुतेक संशोधक मानतात.

पण सगळीच तेले सारखी पेटत नाहीत, आणि इथे तेल बनवणाऱ्यांचे काम सुरू होते. तेलात डिटर्जंट असते, ते पिस्टन स्वच्छ ठेवते आणि ज्वलनातून येणारे आम्ल निष्प्रभ करते. वर्षानुवर्षे हे काम कॅल्शियमने केले. कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण, सल्फोनेट किंवा सॅलिसिलेटच्या आवरणात, तेलात विखरून ठेवलेले असतात. जुन्या घडणीच्या तेलात दोन ते तीन हजार पीपीएम कॅल्शियम असणे नित्याचे होते. २०१२ साली टोयोटाच्या संशोधकांनी टर्बो इंजिनावर वेगवेगळी तेले चालवून दाखवून दिले, की कॅल्शियम वाढवले की अवेळी पेट वाढतात. आणि झीज रोखणारे झिंकचे झेडडीडीपी किंवा घर्षण कमी करणारे मॉलिब्डेनमचे संयुग वाढवले की ते घटतात. पुढे इतर प्रयोगशाळांनीही हेच पाहिले. मॅग्नेशियमच्या डिटर्जंटमध्ये कॅल्शियमची ही खोड दिसली नाही. कॅल्शियमच असे का करते, यावर अजून चर्चा चालू आहे. एक मत असे, की गरम सिलिंडरमध्ये कार्बोनेटचे ऑक्साइड होते, आणि पुढच्या फेरीत दाबाखाली ते कार्बन डायऑक्साइड परत घेते तेव्हा जी उष्णता सुटते तीच आग लावते.

मग कॅल्शियम काढून टाका आणि झेडडीडीपी भरपूर घाला, असे करता येत नाही. झेडडीडीपीमधला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो, म्हणून आयएलसॅक या तेलांची मानके ठरवणाऱ्या समितीच्या मानकात फॉस्फरसला ०.०८ टक्क्यांची वरची मर्यादा आहे. कॅल्शियम पूर्ण काढले तर पिस्टनची सफाई, गंज आणि घर्षण यांचा मेळ पुन्हा बसवावा लागतो. म्हणून आजची अनेक चांगली तेले मधला मार्ग काढतात: कॅल्शियम हजार-दीड हजार पीपीएमवर आणायचे, उरलेली कमतरता मॅग्नेशियमने भरून काढायची आणि थोडे मॉलिब्डेनम घालायचे. हे बारकाईचे काम आहे, आणि ते करणाऱ्या रसायनतज्ज्ञांचे नाव कोणत्याही डब्यावर छापलेले नसते.

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने म्हणजे एपीआयने १ मे २०१८ पासून एसएन प्लस ही श्रेणी खास या दुखण्यासाठी आणली. १ मे २०२० पासून एसपी आली, सोबत आयएलसॅकचे जीएफ-६. त्यात सीक्वेन्स नाइन नावाची चाचणी आहे. फोर्डचे दोन लिटरचे इकोबूस्ट इंजिन कमी आरपीएमला, जड लोडवर चालवतात आणि अवेळी पेट मोजतात. चाचणी चारदा चालवून दर वेळी सरासरी पाचपेक्षा जास्त पेट झाले तर तेल नापास. ३१ मार्च २०२५ पासून एसक्यू आणि जीएफ-७ लागू झाले. त्यांत पहिल्यांदाच मुरवलेले, म्हणजे वापरल्यासारखे जुने केलेले तेलही या चाचणीत उतरवले जाते. हे मला फार मोलाचे वाटते. आपल्याकडे दहा किंवा पंधरा हजार किलोमीटरला ऑइल बदलतात. डबा फोडल्या दिवशीचे तेल कसे आहे यापेक्षा बाराव्या महिन्यात ते कसे आहे, हे गाडीवाल्याला जास्त महत्त्वाचे.

आता दुकानाच्या फळीवर काय दिसते ते पाहा. डब्यावर सगळ्यात मोठे अक्षर असते ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२०. हा जाडसरपणा झाला. त्यावरून कॅल्शियमबद्दल काहीच कळत नाही. ५डब्ल्यू-३० एसएमही असते आणि एसपीही असते. एपीआयच्याच सांगण्यानुसार एसएन २०२० पर्यंतच्या, एसएम २०१० पर्यंतच्या आणि एसएल २००४ पर्यंतच्या इंजिनांसाठी आहे. ही सगळी तेले शेजारी शेजारी विकायला असतात, आणि यात बेकायदा काही नाही. जुन्या गाड्यांना ती चालतात. मात्र श्रेणी मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, इंग्रजीत असते. डबा पाठमोरा करून भिंगातून वाचणारा गाडीमालक मी क्वचितच पाहिला आहे.

डब्यापेक्षाही मोठी अडचण ड्रमची. वर्कशॉपमध्ये २१० लिटरचा ड्रम असतो, त्याला पंप लावून गाडीत तेल सोडतात. बऱ्याच ठिकाणी एकच ड्रम सगळ्या गाड्यांना पुरतो, आणि त्यात असते डिझेल इंजिनाचे १५डब्ल्यू-४०. डिझेलच्या तेलात डिटर्जंट मुद्दामच जास्त घालतात, कारण डिझेलची काजळी आणि आम्ल आवरायचे असते. डिझेलच्या इंजिनाला ते हितकारक. तेच तेल टर्बो डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोलमध्ये गेले तर आपण स्वतःच्या हाताने आग लावण्याचे सामान भरतो आहोत. ड्रमवरचे लेबल गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही. आवेष्टित वस्तूंचे सगळे नियम त्या ड्रमच्या झाकणापाशी संपतात.

ज्या पिस्टनचे वर्णन केले तो सिन्नरच्या एका शिक्षिकेच्या गाडीतला. गाडी कोणाची हे लिहिणार नाही, कारण दोष गाडीचा होता असे मला वाटत नाही. पन्नास हजार किलोमीटरच्या आत धूर, मिसिंग आणि तेल खाणे सुरू झाले. वॉरंटी शिल्लक होती. बाईंनी ती मागितली तेव्हा अधिकृत सेवा केंद्राने आधीच्या ऑइल चेंजचे बिल मागितले. ते बाहेरच्या एका वर्कशॉपचे होते आणि त्यावर एवढेच होते: 'इंजिन ऑइल ३.५ लि., फिल्टर १'. कोणते तेल ते सिद्ध करता आले नाही, वॉरंटी नाकारली गेली आणि इंजिनकामाचा खर्च बाईंच्या अंगावर पडला. मी त्या वर्कशॉपला फोन केला. तेव्हा ड्रममध्ये काय होते, हे त्यांनाही सांगता आले नाही. लँड तेलामुळेच तुटली असे मी शपथेवर सांगू शकत नाही. तसे सांगता यावे इतकीही नोंद कुठे उरलेली नव्हती, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. त्या बाई शिकलेल्या आहेत, बिल जपून ठेवणाऱ्या आहेत, सर्व्हिसिंग वेळेवर करणाऱ्या आहेत. ग्राहकाने करायचे ते सगळे त्यांनी केले होते.

त्यांच्या रस्त्याबद्दलही सांगायला हवे. त्या रोज नाशिकहून मोहदरी घाट चढून घरी जातात. पाचवा गिअर, आरपीएम पंधराशे, पाय खोल दाबलेला. मायलेज मिळावे म्हणून वरच्या गिअरला लवकर टाका, हे आपण सगळ्यांनीच ऐकलेले आहे, आणि साध्या इंजिनांना ते बरेचसे लागूही पडत होते. टर्बो डायरेक्ट इंजेक्शनला चढावर असे चालवणे म्हणजे अवेळी पेटासाठी लागणारी नेमकी परिस्थिती तयार करणे. चढ आला की एक गिअर खाली घ्या, आरपीएम अडीच हजारांच्या वर राहू द्या, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. गाडीसोबत येणाऱ्या पुस्तिकेत हे वाक्य पहिल्या पानावर, मराठीत असायला हवे. ती गोष्ट कंपन्यांची आहे, आपल्या विभागाची नसेलही, पण आपण सुचवले तर ऐकली जाईल.

काय करता येईल, हे माझ्या परीने लिहितो. बिलावर श्रेणी लिहिण्याची सक्ती करायला कोणतीही चाचणी लागत नाही, पैसा लागत नाही; लागतो एक आदेश. डब्यावरच्या भाषेचेही तसेच. ड्रमसाठी एवढे पुरे, की वर्कशॉपने ड्रमवरचे लेबल गिऱ्हाइकाला दिसेल अशा जागी ठेवावे आणि मागितल्यास त्याचा फोटो काढू द्यावा. श्रेणीचे दावे खरे आहेत का, हे पाहणे मात्र ब्युरोचे काम. एपीआयचे गोल चिन्ह परवाना घेतल्याशिवाय वापरता येत नाही, पण 'एसपीच्या गरजा पूर्ण करते' असे साध्या अक्षरांत कोणीही छापतो. त्यासाठी प्रत्येक नमुना इंजिनावर चालवण्याची गरज नाही. बाजारातून डबे उचला आणि तेलातल्या मूलद्रव्यांची आयसीपी चाचणी करा. कॅल्शियम, मॅग्नेशियम, मॉलिब्डेनम, झिंक, फॉस्फरस सगळ्यांचे आकडे एकाच नमुन्यातून मिळतात, आणि अशी सोय असलेल्या प्रयोगशाळा देशात आहेत. या आकड्यांवरून तेल पास आहे हे सिद्ध होत नाही. पण एसपी लिहिलेल्या डब्यात तीन हजार पीपीएम कॅल्शियम आणि नावालाही मॅग्नेशियम नसेल, तर त्या कंपनीला सीक्वेन्स नाइनचा अहवाल दाखवायला सांगता येईल. अशी यादी वर्षातून एकदा जाहीर झाली तरी बाजार बराच सरळ होईल.

यावर दोन आक्षेप येतील. एक, एसपी तेल महाग पडते. पडते. पण एका ऑइल चेंजमागचा फरक आणि एका इंजिनकामाचा खर्च यांची तुलना माझ्याकडे येणाऱ्या कोणत्याही गिऱ्हाइकाला विचारा. शिवाय एपीआयच्या नव्या श्रेणी जुन्या गाड्यांनाही चालतील अशाच आखलेल्या असतात, त्यामुळे टर्बो नसलेल्या गाडीत एसपी गेले तर नुकसान नाही. दुसरा आक्षेप, लहान गॅरेजवाल्याला हा कागदांचा बोजा होईल. मी स्वतः गॅरेजवाला आहे. बिलावर चार शब्द जास्त लिहायला जो वेळ लागतो तो प्लग घट्ट करण्यापेक्षा कमी आहे, आणि उद्या वाद झाला तर तेच चार शब्द गॅरेजवाल्यालाही वाचवतील.

आदेशाचा मसुदा करताना एक काळजी घ्यावी. बहुतेक मोटारसायकलींमध्ये क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो, आणि गाड्यांच्या एसपी तेलातले घर्षण कमी करणारे घटक त्या क्लचला घसरवू शकतात. अशा दुचाकींच्या तेलाच्या डब्यावर जासो या जपानी मानकाचे एमए किंवा एमए२ असते ते त्यासाठी. 'एसपी म्हणजे चांगले' एवढेच लोकांच्या कानावर गेले तर उद्या लोक मोटारीचे तेल बाइकमध्ये ओततील. म्हणून दर्शनी बाजूवर दोन वेगळे शब्द हवेत, मोटारीसाठी वेगळा आणि ओल्या क्लचच्या दुचाकीसाठी वेगळा. मसुद्यावर काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना पिस्टन, तुटलेल्या रिंगा आणि ते बिल प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर बाईंच्या संमतीने मी ते दिल्लीला पाठवायला तयार आहे.

आपला,
नाशिकचा एक इंजिन मेकॅनिक